हिरामणची हलकी गाडी

शिरवण्याच्या हिरामणने आपली एसयूव्ही हलकी करायची ठरवली आणि तिथून सगळं सुरू झालं. गाडी अशी दांडगी की गल्लीत शिरली की झोपलेली कुत्रीसुद्धा उठून उभी राहायची. पण डिझेलही तशीच ढोसायची. पंपावरची पोरं तिला लांबूनच ओळखत.

हिरामणच्या बहिणीचा मुलगा प्रितम कामोठ्याला गॅरेज चालवतो. त्याने गाडीला लॅपटॉप जोडला, डॉक्टर तपासतात तसा चेहरा करून बराच वेळ बटणं दाबली आणि म्हणाला, "मामा, इंजिनाचा प्रोग्राम बदलून रिमॅप केलाय. आता पिकप बी वाढंल ना मायलेज बी. फक्त वजन कमी ठेवा."

हिरामणने अ‍ॅक्सिलरेटरला नुसता अंगठा टेकवला, तर पाम बीच रोड स्वतःच मागे पळायला लागला. परत आल्यावर त्याने खाली उतरून बॉनेटला हात जोडले. (खरं तर प्रितमला जोडायचे होते, पण तो पडला भाचा.)

मग 'वजन कमी' हे त्याने मंत्रासारखं धरलं. मागची सीट काढली. ती ओट्यावर ठेवल्यापासून शेजाऱ्यांची बैठक तिथेच भरू लागली. स्टेपनी गेली, जॅक गेला. आणि एका सकाळी चहा पिता पिता त्याच्या डोक्यात असा प्रकाश पडला की तो स्वतःवरच थक्क झाला. डिझेललाही वजन असतंच की! त्या दिवसापासून टाकी भरणं बंद. तळाला घोटभर ठेवायचं, बस. गाडी पिसासारखी पळायची, निदान त्याला तरी तसं वाटायचं.

अशात मनस्वीची, म्हणजे प्रितमच्या बहिणीची, हळद आली. हिरामणची बायको सखू धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण धवले गाऊन देवांना मांडवात बोलावते, तेव्हा कुठे नवरीच्या अंगाला हळद लागते. ती आली नाही तर सगळं अडतं. सखूला वेळेत कामोठ्याला पोचवायचं काम मामाच्या गाडीकडे होतं आणि मामाची अब्रूही त्याच गाडीत बसली होती.

सखू आणि तिच्या जोडीच्या गाणाऱ्या रेशमी लुगडी नेसून, गजरे माळून आल्या. हिरामणने प्रत्येकीला नजरेनेच तोललं.

"अवऱ्या कशाला गो? बारक्या बारक्या बघून घे ना."

"गाना काय किलोवर असतंय?" सखू म्हणाली आणि पुढे जाऊन बसली. बाकीच्या मागे, काढलेल्या सीटच्या जागी सतरंजी अंथरून बसल्या.

बेलापूरला डिझेलच्या काट्याशेजारी पिवळा दिवा लागला.

"अवो, यो दिवा कसला पेटलाय?"

"त्याचेकडं लक्ष नको देऊ. दिवा कंपनीचा हाय, गारी प्रितमची हाय. त्या दिव्याला आपला नवीन मायलेज ठाव नाय."

खारघरच्या पुलावर हिरामणने एक बस मागे टाकली, दोन ट्रक मागे टाकले आणि अचानक इंजिनाचा आवाज बंद झाला.

"बग," तो भारावून म्हणाला, "कवरी शांत झाली!"

"शांत नाय झाली. मेली."

कडेला उभं असताना फोनवर फोन येऊ लागले. नणंद रडकुंडीला आली होती. "वहिनी, पोरगी पाटावर बसलीय. आता कवरा थांबू?" सखूने नुसतं नवऱ्याकडे बघितलं. इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

तेवढ्यात मागून जेवणाच्या कोंबड्या घेऊन एक टेम्पो आला. चालवत होता प्रितमच.

"मामा, टाकीत कवरा हाय?"

"'वजन कमी ठेवा' तूच बोललास ना?"

इतक्या गाड्या प्रितमने खोलल्या होत्या, पण हा विचार त्याला कुठल्याच गाडीत सापडला नव्हता. "मामा," तो जवळजवळ आदराने म्हणाला, "तुमी लय पुढचे हाव."

पंप मागे राहिलेला, वेळ टळत चाललेली. रेशमी लुगड्यांनी कोंबड्यांत बसायला साफ नकार दिला. शेवटी टेम्पोतून दोर काढला. पुढे कलकलाट करणाऱ्या कोंबड्या, मागे दोराला बांधलेली ती राजेशाही गाडी, अशी मिरवणूक कामोठ्यात शिरली. माणसं बाल्कनीत आली.

सखू पाय धुऊन पाटाशी बसली आणि तिने गळा उघडला. माइक नव्हता. डीजेवाल्याने आवाज कमी केला, मग बंदच केला. तो आवाज मांडवाच्या कापडातून वर चढला तसा हिरामणच्या अंगावर काटा आला. ही बाई आपल्या घरात भाकऱ्या थापते, यावर त्याचा क्षणभर विश्वास बसेना. एवढी ताकद कुठल्या इंजिनात असते? त्याचे डोळे भरून आले.

गणपती देव आयलं गो, उंदरावर बसून
महादेव आयलं गो, नंदीवर बसून
विष्णू देव आयलं गो, गरुडावर बसून

देवांनंतर घरच्या माणसांची नावं घ्यायची रीत आणि त्यात पहिला मान मामाचा. हिरामणने सोन्याची चेन शर्टाबाहेर काढली आणि ताठ बसला.

नवरीचा मामा आयला गो, कोंबऱ्यांनी ओढून

बायकांनी रीतीप्रमाणे ओळ उचलली. मांडव खदखदला, पाटावरची मनस्वीसुद्धा. पुन्हा उचलली, तेव्हा डीजेवाल्याने खाली ठेका धरला. चाल अशी काही चपखल बसली होती की तिसऱ्या खेपेला हिरामणही टाळ्या वाजवत तीच ओळ सगळ्यांत मोठ्याने म्हणत होता.