मी पूर्ण शुद्धीत होतो!

बुधवार, दिनांक अकरा जून, सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटे. रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर उपस्थित : रुग्ण एक (अर्थात मी), पत्नी एक आणि मेहुणा एक (न बोलावता). माझ्या मोठ्या आतड्यातल्या गाठी दुर्बिणीने काढायच्या होत्या. मला काळजी नव्हती, उत्सुकता होती. तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन जन्मभर बॉयलर तपासलेला मनुष्य स्वतःच्याच नळाच्या तपासणीला झोपून राहील काय? पडद्यावर सगळे जातीने पाहायचे, असा माझा निर्धार होता.

“मला भूल देणारा अजून जन्माला यायचाय!” मी हिला ठणकावले.

“आलेय की काका, कधीच!” दारातून एक तरुण बाई म्हणाल्या. त्या नेमक्या भूलतज्ज्ञ निघाल्या. “आणि पूर्ण भूल नाही हो, नुसती गुंगी. तुम्ही बोलाल, कूस बदला म्हटलं की बदलाल. फक्त नंतर काही आठवत...”

“फक्त-बिक्त काही नाही! माझी शुद्ध क्षणभर जरी हरपली, तर स्कूटर विकून टाकीन!”

हिचे डोळे एकदम लकाकले. माझी स्कूटर म्हणजे हिची सवत. गेल्या महिन्यात या सवतीने मला खड्ड्यात लोळवल्यापासून तर घरात रोज एकच विषय!

“ऐकलंस ना रे?” हिने भावाला विचारले.

“ऐकलं, ताई. भाऊजी शब्दाचे पक्के!” मेहुणा म्हणाला. मांजराचा दुधावर असावा तसा त्याचा त्या स्कूटरवर डोळा.

आत नेले. सुई टोचली. “काका, शंभरपासून उलटे आकडे म्हणा.”

शंभर. नव्व्याण्णव. अठ्ठ्याण्णव.

“सत्त्याण्णव!” मी खणखणीत आवाजात म्हणालो. “थांबलात का? करा सुरू!”

“कुणाला सांगताय?” ही म्हणाली. “झालं सगळं. आपण बाहेरच्या खोलीत आहोत.”

“काहीही झालेलं नाही! वीज गेली असणार आणि हे लोक लपवताहेत! अगं, दुर्बीण आत गेली असती तर मला कळलं नसतं? झालेल्या कामाचा पुरावा दाखवा!”

भूलतज्ज्ञ बाई आल्या आणि कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. “काका, चौथ्यांदा सांगतेय. दोन गाठी काढल्या. साध्याच दिसतात, तरी तपासायला पाठवल्यात. आणि आत तुमचं तोंड मिनिटभर बंद नव्हतं! नळीला वंगण कोणतं वापरता, हे विचारून विचारून सर्जनसाहेबांना वैताग आणलात!”

“बोलत होतो? म्हणजे जागा होतो!” मी खाटेवर मूठ आपटली. “पैज जिंकलो! मी पूर्ण शुद्धीत होतो!”

“नक्की?” हिने विचारले. तिच्या आवाजातला गोडवा ऐकून मी तिथेच सावध व्हायला हवे होते.

“नक्की! लेखी देतो!”

“मग आभारी आहे, भाऊजी.” मेहुण्याने खिशातून किल्ली काढली. माझी किल्ली! “मघाशी तुम्ही मला स्कूटर विकलीत. एका कप चहाच्या बदल्यात. ताईकडून किल्ली तुम्हीच देवविलीत.”

पाहतो तो खरोखरच उशाशी रिकामा कप!

“अरे दरोडेखोरा! उपाशी माणसाला गाठतोस? हा व्यवहार अवैध! मी गुंगीत होतो! डॉक्टरबाई, सांगा याला!”

“ते खरं आहे,” बाई म्हणाल्या. “गुंगीनंतर चोवीस तास निर्णय नाही, सही नाही, गाडी नाही. सौदा धरू नका.”

मी मेहुण्याकडे विजयी मुद्रेने पाहिले.

“म्हणजे तुम्ही शुद्धीत नव्हता,” ही म्हणाली.

“मुळीच नव्हतो!”

“मग पैज हरलात. आणि पैज लावलीत तेव्हा सुई अजून टोचायची होती.”

मी बोटांवर हिशेब मांडला. शुद्धीत होतो, तर सौदा खरा. नव्हतो, तर पैज खरी! दोन्ही बाजूंनी इतकी घट्ट बसणारी झडप मला उभ्या आयुष्यात एकाही बॉयलरवर आढळली नव्हती!

“भाऊजी, तोंड पाडू नका,” मेहुणा म्हणाला. “नवा सौदा. उद्या, चोवीस तास उलटल्यावर. आणखी एक कप पाजतो.”

“साखर घालून?” मी क्षीण स्वरात विचारले.

पुढे गाठी निरुपद्रवी असल्याचा अहवाल आला. शरीरातून बाहेर : गाठी दोन. घरातून बाहेर : स्कूटर एक. मिळालेली किंमत : चहा, दोन कप, पैकी एक आठवत नाही.