ठकीचा पत्ता

"आपण तिकडे जायचं," जेवता जेवता पोस्टमास्तर म्हणाले आणि बायकोच्या हातातला वाढायचा चमचा तसाच हवेत राहिला.

तिकडे म्हणजे ठकीकडे. ठकी त्यांची एकुलती एक मुलगी. शिकायला म्हणून उत्तर युरोपातल्या एका चिमुकल्या देशात गेली आणि तिथल्याच मुलाशी स्वतःच्या मनाने लग्न करून मोकळी झाली. त्याला आता तीन वर्षं झाली. पोस्टमास्तर लग्नाला गेले नाहीत आणि "एकटी कुठे जातेस" म्हणून बायकोलाही त्यांनी जाऊ दिलं नाही. तिने तो सोहळा स्वयंपाकघरात उभं राहून मोबाइलवर पाहिला. तेवढा वेळ पोस्टमास्तर गॅलरीत बुटांना पॉलिश करत होते. घरातले झाडून सगळे जोड त्या दिवशी चकाकले. एक रबरी सपातसुद्धा सुटली नाही.

राग तसा वर्षभरातच विरून गेला होता. पण तो विरला आहे हे कबूल कसं करायचं, हे काही सुचत नव्हतं. निवृत्त झाल्यावर घरात दिवसभर बसून ते सुचायला दोन वर्षं लागली.

"खरंच जायचं?" बायकोने विचारलं. "ठकीला कळवू?"

"अजिबात नाही. एकदम दारात उभं राहायचं. तू फक्त सह्या कर, बाकीचं मी बघतो."

बायकोने डोळे पुसले आणि त्याच दुपारी बॅग माळ्यावरून खाली काढली. अडचण एकच होती. ठकी नक्की कुठल्या देशात राहते, हे पोस्टमास्तरांना ठाऊक नव्हतं.

ज्या माणसाच्या हाताखालून एकतीस वर्षांत एकही पत्र चुकीच्या गावी गेलं नाही, त्याला स्वतःच्या लेकीचा देश माहीत नसावा, हे कुणाला खरं वाटणार? पण तसं होतं खरं. ठकीने पहिल्यांदा नाव सांगितलं तेव्हा ते ओरडत होते, दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ऐकायचंच नाही म्हणून खिडकीबाहेर बघत होते, आणि पुढे घरात त्या देशाचं नावच "तिकडे" पडलं. तिकडे बर्फ पडलाय. तिकडे सासूबाईंचे गुडघे दुखतायत. आता तीन वर्षांनी बायकोला "तिकडे म्हणजे कुठे गं?" असं विचारायचं कोणत्या तोंडाने?

एवढंच आठवत होतं की नाव "ल"वरून आहे आणि शेवटी "या" आहे. ते घेऊन पोस्टमास्तर खालच्या मजल्यावरच्या भूगोलाच्या सरांकडे गेले.

"सर, उत्तरेकडे ल पासून सुरू होणारे छोटे देश किती?"

"दोन. लात्व्हिया आणि लिथुआनिया," सर म्हणाले आणि नकाशा काढायला उठले. "एकमेकांना चिकटून. लोक कायम घोळ घालतात. तुमची लेक कुठे असते?"

"तिथेच," पोस्टमास्तर म्हणाले. "त्यातल्याच एका."

"कुठल्या?"

"तेच तर! लोक किती घोळ घालतात," असं म्हणून पोस्टमास्तर चहा न घेताच बाहेर पडले.

मग त्यांनी बायकोकडून आडून आडून माहिती काढायला सुरुवात केली. "तिकडे समुद्र आहे, नाही?" आहे, म्हणाली. त्यांनी पाहिलं, दोन्हीकडे होता. "राजधानीत नदी असेल?" आहे तर, ठकीने फोटो पाठवलाय. नदी दोन्हीकडे होती. जंगल दोन्हीकडे, थंडी दोन्हीकडे, लोक दोन्हीकडचे कमी बोलणारे. शेवटी त्यांना एक गोष्ट पक्की आठवली. ठकीने नाव घेतलं तेव्हा ते आपल्याला लांबलचक वाटलं होतं. त्यांनी दोन्ही नावं कागदावर लिहिली, अक्षरं मोजली आणि लांब नावापुढे खूण केली.

एकदा देश ठरला म्हटल्यावर पोस्टमास्तरांना कोण अडवणार? ट्रॅव्हलवाल्याकडून त्यांनी लिथुआनियाचा व्हिसा काढला, राजधानीपर्यंतची तिकिटं काढली, पहिल्या दोन दिवसांसाठी खोली घेतली. तिकिटं बदलून मिळणार नाहीत असं ट्रॅव्हलवाल्याने बजावलं, तर म्हणाले, "आपण बदलणाऱ्यातले नाही." बायकोने चष्मा न लावताच दाखवलेल्या सगळ्या जागी सह्या केल्या. मग पोस्टमास्तरांनी सगळे कागद एका फाइलमध्ये घातले आणि फाइल कपाटात कुलपाखाली ठेवली.

शिवाय ते भाषा शिकायला लागले. रोज सकाळी मोबाइल घेऊन गच्चीवर जायचे आणि वाळत घातलेल्या चादरींसमोर उभं राहून लिथुआनियन बोलायचे. पूर्ण भाषा या वयात येणार नाही हे त्यांना कळत होतं. त्यांना तीनच वाक्यं हवी होती, विहीणबाईंना म्हणायला. मी लग्नाला आलो नाही. माझं चुकलं. मला माफ करा. ही वाक्यं मराठीत त्यांनी जन्मात कुणाला म्हटली नव्हती. परक्या भाषेत ती जरा सोपी वाटत होती.

निघायला सहा दिवस राहिले असताना बायको कपडे काढायला गच्चीवर आली.

"अत्सिप्रशाउ," पोस्टमास्तर एका चादरीला म्हणत होते.

"काय म्हणताय?"

"माफ करा. त्यांच्या भाषेत."

"तिकडे असं नाही म्हणत," बायको चिमटे काढत म्हणाली. "पिएदोदिएत म्हणतात. विहीणबाई फोनवर सारखं म्हणतात मला. त्यांना माझं कळत नाही ना, म्हणून."

"तुला काय कळतंय त्यातलं? चार महिने शिकतोय मी."

"आणि मी तीन वर्षं बोलतेय!"

वाद चांगलाच रंगला. शेवटी "दाखवतोच तुला" म्हणून पोस्टमास्तरांनी मोबाइल पुढे केला. बायकोने चष्मा लावून वरचं भाषेचं नाव वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग कपाटाची किल्ली मागून घेतली, त्यांना घेऊन खाली गेली आणि फाइल उघडून एकेक कागद पलंगावर मांडला.

"ठकी कुठे राहते हो?" तिने विचारलं.

पोस्टमास्तर पलंगावरचे कागद एकावर एक नीट रचू लागले.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पलंगाच्या काठावर बसली. "रोज बोलते मी तिच्याशी," ती म्हणाली. "तुमच्या समोर बसून, मुद्दाम मोठ्याने. म्हटलं, बोलत नाहीत पण ऐकत तरी असतील."

पोस्टमास्तरांना वाटलं, काहीतरी बोलावं. पण चार महिने पाठ केलेलं सगळं चुकीच्या भाषेतलं होतं.

"फोन लावा," बायको म्हणाली. "तुम्हीच लावायचा. मी नाही."

तीन वर्षांत त्यांनी ठकीला स्वतःहून फोन केला नव्हता. तिने पहिल्याच घंटीला उचलला. "बाबा? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. ठके, एक विचारायचं होतं." त्यांनी घसा साफ केला. "तू… म्हणजे तुमचं घर… देश कुठला तुमचा?"

मग सगळं सांगावंच लागलं. तिकिटं, खोली, अक्षरांची मोजणी. तिकडून ठकी हसत सुटली, इतकी की तिला श्वास लागला. मग हसणं थांबलं आणि बराच वेळ नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला.

"काही बदलू नका," ती म्हणाली. "चार तासांचा तर रस्ता आहे. व्हिसा इथेही चालतो. आम्ही गाडी घेऊन येतो विमानतळावर, सासूबाई पण येतील. पण बाबा, मलाही एक सांगायचंय. रागवू नका."

"बोल."

"लग्नाला तुम्ही का आला नाहीत, असं सगळे विचारत होते. खरं कसं सांगणार? मी म्हटलं, बाबांना हृदयाचं दुखणं आहे. विमानात बसायची डॉक्टरांनी बंदी केलीय."

पोस्टमास्तरांना जन्मात सर्दीपलीकडे काही झालं नव्हतं. रोज सकाळी ते तीन मजले न थांबता चढत.

"मग आता बरा झालो म्हणून सांग."

"सांगते, पण एकदम ठणठणीत नका दिसू. सासूबाई तीन वर्षं दर रविवारी विचारतायत, आता कसं आहे म्हणून. तुमच्यासाठी लोकरीचे मोजे विणलेत त्यांनी. तीन जोड."

"ठके," पोस्टमास्तर म्हणाले, "मी त्यांची माफी मागायची ठरवली होती गं."

"माफी कशी मागणार, बाबा? आजारी माणूस कशाची माफी मागतो?"

ते खरंच होतं. माफी मागायची तर लेकीला खोटं पाडावं लागणार होतं. "मग निदान तुझी…" त्यांनी सुरुवात केली, पण ठकी म्हणाली, "बाबा, आवाज तुटतोय," आणि फोन ठेवला. आवाज अगदी स्वच्छ येत होता, हे दोघांनाही कळलं.

विमानाच्या दारातच चाकांची खुर्ची उभी होती. जावयाने आधीच सांगून ठेवली होती.

"मी चालतो," पोस्टमास्तर पुटपुटले.

"बसा," बायको म्हणाली आणि तिने दोन्ही हातांनी त्यांना खांद्यावर दाबून बसवलं. दोघांच्या पिशव्या खांद्याला लावून ती शेजारून चालू लागली. सरकत्या जिन्यावरून धडधाकट म्हातारे तुरुतुरु उतरत होते. पोस्टमास्तर त्यांच्याकडे बघत लिफ्टची वाट पाहत बसले.

बाहेर ठकी उभी होती. ती थोडी जाड झाली होती आणि त्यांना ते माहीत नव्हतं. तिच्या मागे उंच जावई, आणि पुढे एक लहानखुरी म्हातारी, गुडघे दुखत असूनही पहाटे उठून चार तास गाडीत बसून आलेली. तिने आधी खुर्चीपाशी वाकून त्यांच्या पायांवर घोंगडी पसरली, मग त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि सावकाश काहीतरी म्हणाली.

"काय म्हणतायत?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

ठकीने एकदा आईकडे पाहिलं. "त्या म्हणतायत, अशा तब्येतीत तुम्ही एवढ्या लांब आलात. लेकीवर फार माया दिसते."

पोस्टमास्तरांची मान खाली गेली ती वर येईना. विहीणबाईंना वाटलं, बिचाऱ्यांना थकवा आला. त्यांनी घोंगडी छातीपर्यंत ओढली आणि जावयाला हाताने खूण केली, खुर्ची जरा हळू ने.