चाळीस व्होल्टांची मोहीम

हुजुरांनी पुसिले की तळघरातील यंत्रावर प्रथिनाची मोहीम कैसी फत्ते जाहली, तर घडले तैसे लिहिले असे, पदरचे अक्षर घातले नाही.

यंत्र म्हणजे वायूने भरलेली नळी. तींत प्रथिने सोडावी, आणि जे अंग आवरून येते ते आधी पोचते, हातपाय पसरलेले रखडते, मग काट्यावर वजन होते. संशोधक ताईंचे प्रथिन मुळातच सैल. औषध चिकटले तर त्याने गोळा होऊन लवकर यावे आणि औषधाइतके जड भरावे, इतकाच दावा. त्यावर ताईंची पाच वर्षे आणि पीएचडी पणास लागलेली, आणि मुदतवाढ हीच शेवटची, ऐसे फर्मान.

परंतु यंत्राच्या दारी एकशेवीस व्होल्टांचा पहारा, आणि त्याच्या धक्क्याने औषध वाटेतच गळे, प्रथिन उघडेवाघडे, उशिरा, एकटेच येई. हे ताईंस तीन महिने ठाऊक. मग आकडा बदलिला का नाही? तर तेथे पिवळी चिठ्ठी: ‘कोणीही हात लावू नये.’ समितीभूषण, चिठ्ठीबहाद्दर प्रोफेसरसाहेबांनी सात वर्षांमागे भलत्याच प्रथिनासाठी तो मुक्रर केला, आणि तेव्हापासून तो शिरसावंद्य.

बुधवारी साहेबांची स्वारी बैठकीस कूच करती जाहली, आणि ताईंनी यंत्र राखणाऱ्या काकांशी मसलत केली.

“ताई, बोंब झाली तर तुम्ही सुटाल, मी लटकेन.”

“काका, चष्मा काढा बरं. आता काही दिसतंय?”

“छे! तुम्ही कोण?”

मग ताईंनी चिठ्ठी उचलून एकशेवीसाचे चाळीस केले, आणि प्रथिन अंग चोरून तीन मिलिसेकंद आधी दाखल जाहले, औषध पाठुंगळी, वजन तंतोतंत. औषधाविना सोडिले ते मागाहून रेंगाळत आले. दावा शाबीत.

इतक्यात साहेब परतले. त्यांनी पडदा पाहिला, आकडा पाहिला, काकांनी छत पाहिले, आणि ताईंच्या हातातली चिठ्ठी बोटालाच चिकटून बसली, सुटेना.

“मी म्हणत नव्हतो?” साहेब वदले, “सेटिंग नीट असलं की येतंच!”

आणि प्रबंध लिहावयास घ्यावा, ऐसा हुकूम जाहला.

येणेप्रमाणे फत्ते. यश साहेबांचे, पीएचडी ताईंची, चष्मा काकांचा. यंत्रावर नवी पिवळी चिठ्ठी, साहेबांच्याच हस्ताक्षरात: ‘चाळीस व्होल्ट. कोणीही हात लावू नये.’