प्राप्तीच्या मुरुमांपायी आजोबा गेले

प्राप्तीचा साखरपुडा आठवड्यावर आला आणि तिच्या दोन्ही गालांवर मुरुमांनी गर्दी केली. मुरूडच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिकचं जेल आणि सोबत एक क्रीम दिलं. दोन्ही फक्त रात्री, वाटाण्याएवढं घेऊन पातळ लावायचं. फरक पडायला दोन-तीन महिने लागतील, घाई केलीत तर चेहरा भाजेल, असंही बजावलं.

तिच्या आईला, काशीला, यातलं फक्त जेल पटलं. वाटाण्याएवढ्यानं काय होतंय, असं म्हणत तिनं ते लेकीच्या तोंडाला तिन्हीत्रिकाळ थापलं आणि लवकर गुण यावा म्हणून वरून लिंबू चोळलं. साखरपुडा परवावर आला तेव्हा प्राप्तीचा चेहरा लालभडक, सुजलेला आणि नाकाशेजारी सोललेला होता. डॉक्टर फोनवर चांगलेच चिडले. सगळं बंद करा, आठ-दहा दिवसांत उतरेल, म्हणाले.

प्राप्तीला रडायचीही सोय नव्हती, अश्रू झोंबत होते. दिघीचा मितेश तिला मनापासून आवडला होता. अशा तोंडानं त्याच्यासमोर बसलं की सोयरीक मोडणारच, हे तिनं मनात पक्कं धरलं होतं.

दहा दिवस मिळवायचा एकच अब्रूदार मार्ग होता, तो म्हणजे सुतक. श्रीवर्धनकडच्या कुणा लांबच्या चुलत्याला मारायचं ठरलं. तिच्या वडिलांनी, सदूनं, मितेशच्या आईला फोन लावला. सदूला खोटं बोलायची सवय नव्हती. "कोन गेलं?" असं कृष्णाबाईनं विचारताच चुलत्याचं नाव काही त्याला आठवेना. समोर ओटीवर बाप विडी ओढत बसला होता. सदू म्हणाला, "बाबा."

नामाआजोबांनी विडी खाली ठेवली.

कधी नेणार, आम्ही निघतोच, असं कृष्णाबाई म्हणाली. घाबरून सदूनं नेलंसुद्धा असं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी कृष्णाबाई आणि मितेश दिघीहून पहिल्याच फेरीबोटीनं आगरदांड्याला उतरून घरी आले. आजोबांना मागच्या पडवीत भाताच्या कणगीआड बसवून दार लावून घेतलं होतं. प्राप्तीचं सुजलेलं तोंड बघून कृष्णाबाईला भरून आलं. तिनं पोरीला जवळ घेतलं आणि आजोबावर एवढी माया करणारी नात आजकाल बघायला मिळत नाही, असं मितेशला सांगितलं. सदूला मान वर करवेना. काशीनं तोंडाला पदर लावला आणि तो काढलाच नाही.

"आता घाई नको," कृष्णाबाई म्हणाली. "घरातलं मोठं मानूस गेलंय. आमी वरीसभर थांबू."

दहा दिवसांचं वर्ष झालं होतं. प्राप्ती उठली, पडवीचं दार उघडलं आणि मयताला हाताला धरून बाहेर घेऊन आली.

"काकी, आजोबा हायेत," ती म्हणाली. "मी रडले न्हाय. मुरुमाचं औषध जास्त लावलं, म्हनून तोंड असं झालंय."

आजोबांना कणगीजवळच्या धुळीनं खोकला लागला होता आणि तो थांबत नव्हता. मितेश खाली बघून हसू दाबत होता. कृष्णाबाईनं आधी पोरीचं तोंड नीट निरखलं, मग म्हाताऱ्याचं जरा जास्त वेळ निरखलं.

"सदूभाऊ, साखरपुडा उद्याच," ती म्हणाली. "पोरीचं तोंड कसंबी असूदे. हे म्हातारबा खरंच जायच्या आत उरकून घेऊ."