जिताड्यांचे अभ्यंगस्नान

सोमवार, सकाळचे साडेदहा. स्थळ चेन्नईतील अड्यार येथील मत्स्यखाद्य प्रयोगशाळा, टाकी क्रमांक चार. मी, भांडारपाल गुंडोराव, गेली बावीस वर्षे येथील तेलांचा सांभाळ करतो, आणि या काळात एक थेंबही अस्थानी पडलेला नाही. ज्यास शंका असेल त्याने समोर यावे!

जिताडा हा मासा जन्माचा मांसाहारी. त्याच्या खाद्यातील माशांचे तेल काढून जवसाचे तेल घालावे, हा आमची संशोधक, कोल्हापूरची रेवा, हिचा दोन वर्षांचा ध्यास. परंतु चार दिवस मासे त्या खाद्याकडे रुसलेल्या व्याह्यांसारखी पाठ करून होते. आज परीक्षक वादिराज येणार. मासे जेवले नाहीत, तर प्रयोग बंद!

"काका, नवं तेल ताजं आहे ना?"

"मुली, तिरुवल्लिकेणीच्या घाण्यावरून मी स्वतः आणले. दोन दिवस माझ्या घरी, स्टीलच्या डब्यात होते. शंका हा अपमान आहे!"

वादिराज येताच तेल चोळलेले खाद्य रेवाने टाकीत सोडले, आणि पाणी उभे राहिले! सत्तर मासे एकदम वर आले. जणू कोणी उन्हात चांदीचे ताट फिरवले. त्यांतील एक तर थेट माझ्या कुशीत येऊन पडला! एवढी भूक, एवढे तेज मी कधी पाहिले नव्हते.

"तीस वर्षांत असं पाहिलं नाही," वादिराज पुटपुटले. रेवाचे डोळे भरून आले.

मासा टाकीत सोडून मी हात हुंगले. मिरे! जिरे! शनिवारी न्हाताना माझ्या टाळूवर थापलेल्या तिळाच्या तेलाचा तो वास! बाजूला जाऊन मी घरी फोन लावला.

"अइयो!" माझी पत्नी महालक्ष्मी ओरडली. "न्हाणाचें उरलेलें तेल तुम्ही नेलांत? तरीच! सकाळचे दोसे जवसाच्या तेलांत झाले म्हणायचे. तीन खाल्लांत, वर चौथा मागितलांत!"

सत्य दडपण्यासाठी तीन उत्तम युक्तिवाद मला तत्काळ सुचले. परंतु रेवाचा चेहरा दिसला, आणि चौथा सुचण्याआधीच तोंडून सत्य निघून गेले.

"काका!" रेवा मटकन स्टुलावर बसली.

वादिराजांनी टाकीत पाहिले. मासे अजून वर तोंड करून मागतच होते.

"तीळ ही वनस्पतीच," ते म्हणाले. "प्रयोग चालू राहील. तेल, मिरे, जिरे, सगळं मोजून पुन्हा साठ दिवस. आणि या भांडारपालांना तेवढे दिवस रजेवर पाठवा."