साप लागला की पूर्ण वाक्यात

साहेब तपासणीला येणार असा बाईंना निरोप आला. वाचनालयाच्या तळघरात त्या परमुलखातून आलेल्या मोठ्या माणसांना इथली भाषा शिकवत. माणसं गुणी. फळ्यावरचं सगळं सुबक उतरवून घ्यायची, पण बोला म्हटलं की मिठाची गुळणी धरून बसायची. कोपऱ्यातल्या घड्याळवाल्याने तर आल्या दिवसापासून 'हजर' म्हणण्याखेरीज तोंड उघडलं नव्हतं.

"वर्ग बोलताना दिसला नाही, तर बंद," असं साहेबांनी मागेच बजावलं होतं. बाईंचे यजमान जाऊन बराच काळ लोटला होता, लेक समुद्रापलीकडे. घरी बोलायचं तर भिंतींशी. हा वर्ग म्हणजेच त्यांचं गोकुळ होतं.

शेवटी त्यांनी माळ्यावरून लेकाच्या लहानपणची सापशिडी काढली. पटाला मधोमध चीर पडली होती, एका सोंगटीवर लेकाच्या दुधाच्या दातांच्या खुणा होत्या. हरवलेल्या सोंगटीच्या जागी यजमानांच्या कोटाचं बटण होतं. बाईंनी सगळं पदराने पुसलं.

"शिडी लागली की आयुष्यातली चांगली गोष्ट सांगायची, साप लागला की वाईट," त्यांनी वर्गाला समजावलं. "आणि पूर्ण वाक्यात!" हे त्यांचं पालुपदच होतं. कुणी ठसका लागून 'पाणी' म्हटलं तरी त्या आधी वाक्य पूर्ण करायला लावत.

पहिली शिडी शिवणकाम करणाऱ्या मावशींना लागली. त्यांनी बोटांवर वर्षं मोजून पाहिली.

"आज बस वेळेवर आली," त्या म्हणाल्या, आणि विषय संपला.

मग पाववाल्याला साप लागला.

"दुकान. आग."

"पूर्ण वाक्यात."

"माझं दुकान जळलं. विझवायला बंब आला. बंबाखाली माझी सायकल आली. मी पोलिसात गेलो, तर ते म्हणाले, आधी आगीची तक्रार की सायकलची?"

"एवढंच?" मावशी उसळल्या. "माझं घर पुरात वाहून गेलं. चोर शिरतील म्हणून मी दोन कुलपं लावून निघाले होते!"

बाईंना आनंदाचं भरतं आलं. दगडाला पाझर फुटला होता! पण पाझराचा पूर व्हायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवसापासून शिडी सगळ्यांनाच नकोशी झाली. शिडी लागली की पाववाला नाक मुरडून फासा परत टाकायचा. मावशी तर घरं मोजून बरोब्बर सापाच्या तोंडात जायच्या. सगळेच खाली घसरत असल्यामुळे डाव संपेचना.

घड्याळवाल्याचं दैवच वेगळं. त्याला सारख्या शिड्याच लागत. तो नकारार्थी मान हलवायचा आणि फासा पुढे सरकवायचा.

साहेब दारात आले तेव्हा आतून भांडणाचा आवाज येत होता.

"तुमचा नवरा एकदाच गेला. माझा दोनदा!" रुग्णालयात फरशी पुसणारी ताई ओरडत होती.

"दोनदा कसा जाईल?" मावशी म्हणाल्या.

"आधी मला सोडून गेला. मग मेला!"

"काय चाललंय हे?" साहेब गरजले.

"बसा, साहेब. टाका फासा," पाववाल्याने खुर्ची पुढे केली.

साहेबांनी वर्गाची परीक्षा घ्यायची म्हणून फासा टाकला. साप लागला.

"मला सांगण्यासारखं काही नाही."

"पूर्ण वाक्यात!" सगळा वर्ग एकसुरात म्हणाला.

साहेबांनी चष्मा काढला. "माझा मुलगा माझ्याशी बोलत नाही. एकाच टेबलावर जेवतो, पण मीठ हवं असलं की चिठ्ठी लिहितो."

"लिहितो तरी!" मावशींनी सांत्वन केलं.

साहेबांना त्या संध्याकाळी सापांनी काही सोडलं नाही. पहारेकरी किल्ल्या वाजवू लागला तेव्हा ते रुमालाने डोळे पुसत उठले. "बाई, तुमचा वर्ग फार सुंदर बोलतो," म्हणाले.

बाई तरंगतच घरी गेल्या. सोमवारी साहेबांचा फोन आला.

"अभिनंदन, बाई! सगळे अस्खलित बोलतात. म्हणजे आता त्यांना वर्गाची गरज नाही. या आठवड्यात बंद करू."

"अहो, पण एक जण अजून अजिबात बोलत नाही!"

"इतक्या दिवसांत नाही बोलला, तो आता काय बोलणार?" साहेबांनी फोन ठेवला.

शेवटच्या दिवशी पट मांडला, पण फाशाला कुणी हात लावेना. मावशींनी फासा बाईंच्या हातात दिला. बाई आजवर नुसत्या वाक्यं पुरी करून घेत आल्या होत्या, स्वतः कधी खेळल्या नव्हत्या. दातांच्या खुणांची सोंगटी त्यांनी पुढे नेली, ती सगळ्यांत मोठ्या सापाच्या तोंडात गेली.

"घरी..." बाई म्हणाल्या, आणि पटावर त्यांच्या डोळ्यांतलं पाणी पडलं.

मग कोपऱ्यातून आवाज आला.

"बाई, पूर्ण वाक्यात."

घड्याळवाला! बाई डोळे पुसायचं विसरून बघत राहिल्या. "अहो, तुम्हाला बोलता येतं?"

"येतं की. केव्हापासूनच," तो म्हणाला. "पण मला मेल्या सगळ्या शिड्याच लागत होत्या."