नुसती फोडणी

बाळांनो, मांडी घालून बसा. एका जंगलात, आपल्यापासून पुष्कळ लांब बरं का, दर थंडीत घशाची साथ यायची. लहानगी जनावरं गुदमरून मरायची.

तिथे साळूबाई नावाची साळिंदरीण लस टोचायची. सुई म्हणजे तिच्याच पाठीवरचा काटा, उकळून घेतलेला. मोठी जनावरं वाचायची, पण पिल्लांना लस म्हणावी तशी लागू पडत नसे. साळूबाई सात वर्षं खपली. झाडावरच्या अळंबीचा चिकट अर्क तिने लशीत मिसळला, तेव्हा कुठे पिल्लं जगू लागली.

सभेत हत्तीने विचारलं, "ही अळंबी करते काय?"

"फोडणी समजा," साळूबाई म्हणाली. "लस ही डाळ. शरीर एरवी तिच्याकडे ढुंकून बघत नाही. फोडणी बसली की जागं होतं आणि रोग ओळखायला शिकतं."

झालं. कोल्हेबुवा उठले. यांनी जन्मात कशाचा अभ्यास केला नव्हता, पण शेपटी झुपकेदार होती.

"चव कशाने येते? फोडणीने. मग डाळ हवीच कशाला? माझ्याकडे निव्वळ अळंबीचा काढा आहे. टोचाटोची नाही."

काट्याला घाबरणाऱ्या वाघासकट सगळ्यांनी माना डोलावल्या. इतकी मुंडकी, पण एकातही मेंदू नाही.

चितळिणीला एकच पाडस उरलं होतं. आधीची दोन साथीत गेली होती. साळूबाई तिच्याकडे तीनदा गेली.

"काढा पाज हवा तर. पण टोचून घे गं."

"रडतं हो ते. आणि काढा सगळेच पाजताहेत."

थंडी पडली. साथ आली. चौथ्या दिवशी पाडसाचा श्वास थांबला. चितळीण त्याला चाटत बसली. मला तिचा राग येतो आणि रडूही येतं.

कोल्हेबुवा भेटायला आले. बरोबर तीन गुटगुटीत पिल्लं. तिघांच्याही मांडीवर काट्याची खूण होती. चितळिणीचे डोळे भरलेले, तिला ती दिसली नाही.

"काढा कितीदा पाजलात?"

"दिवसातून तीनदा."

"तरीच. चारदा हवा होता."

"चुकलंच माझं," चितळीण म्हणाली.

मग सगळे मिळून साळूबाईकडे गेले. एवढी शिकलेली, आणि चारदा पाजा हे हिला सांगता येऊ नये? त्यांनी तिला जंगलाबाहेर घालवून दिलं.

तात्पर्य : काढा दिवसातून चारदा घ्यावा. तरीही पोर दगावलं, तर तो पाचदा घ्यायचा होता असं समजावं.